नोबेल नाही, ऑलिंपिक पदक नाही. मग ईबी-१ए साठी अर्ज करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डॅलसला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षं झाली, ग्रीन कार्डासाठी कंपनीने ईबी-२ या वर्गात केलेला अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर आहे आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, ऑगस्ट २०१७ ची आहे. एक कन्सल्टंट म्हणतोय, आठ महिन्यांत ‘प्रोफाइल बनवून’ ईबी-१ए, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या लोकांना मालकाशिवाय स्वतः मागता येणारं ग्रीन कार्ड, करून देतो. पैसे भरावेत का, आणि गावाकडच्या पेपरातली बातमी पुराव्यात चालेल का?

मी वकील नाही. सांगलीची आहे, मिशिगनमध्ये गाड्यांच्या बॅटरी थंड ठेवण्यावर काम करते. माझी पहिली फाइल नामंजूर झाली, दुसरी मंजूर झाली, म्हणून लिहिते आहे.

आधी तुमच्या तारखेबद्दल, कारण ती किती मोलाची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांगेत कोणत्या तारखेपर्यंत नंबर लागला हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारतीयांसाठी ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडकली होती आणि ईबी-१ ची (ईबी-१ए त्यातच येतं) १५ फेब्रुवारी २०२२ वर होती. ईबी-१ए मंजूर झालं, तर तुमच्या जुन्या मंजूर आय-१४० ची २०१७ ची तारीख या नव्या अर्जाला लागते. म्हणजे आज नव्याने रांगेत शिरणारा भारतीय ईबी-१ मध्येही काही वर्षं ताटकळेल, तुम्हाला ते थांबणं जवळजवळ नाहीच. उलट एनआयडब्ल्यू (देशहिताच्या कारणाने मालकाची अट माफ करून घेणारा अर्ज) करा असं कुणी सुचवलं, तर तेही ईबी-२ च आहे. मालक लागत नाही इतकाच फायदा, रांग तीच.

आता नोबेलचं. तसा एखादा जगन्मान्य पुरस्कार असेल तर तो एकटा पुरतो, पण नसेल तर नियमात दहा निकष दिलेत आणि त्यातले किमान तीन दाखवायचे असतात : पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याविषयी छापून आलेलं, इतरांच्या कामाचं परीक्षण, महत्त्वाचं मूळ योगदान, शोधनिबंध, महत्त्वाच्या संस्थेत कळीची भूमिका, मोठा पगार वगैरे. प्रदर्शनांचा आणि रंगभूमी-संगीतातल्या व्यावसायिक यशाचा निकष कलावंतांसाठी, तो आपण सोडून देऊ.

सगळे इथेच फसतात. मीही फसले. तीन खुणा झाल्या की काम झालं असं वाटतं. पण २०१० च्या कझारियन खटल्यापासून तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी निकष मोजतात, मग सगळी फाइल एकत्र ठेवून विचारतात की हा माणूस खरोखर आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या थरातला आहे का आणि त्याचं नाव टिकून आहे का. माझ्या पहिल्या फाइलीत अधिकाऱ्याने तीन निकष मान्य केले होते. तरी नामंजूर. सार इतकंच की बाई कामात हुशार आहेत, पण शिखरावर आहेत असं दिसत नाही.

खरं सांगू का, त्याचं चुकलं नव्हतं. मी सहा शिफारसपत्रं जोडली होती. सहाही माझ्या साहेबांची, जुन्या साहेबांची आणि गाइडची. वकिलाच्या ऑफिसने मसुदा केला, त्यांनी सह्या केल्या. त्यातल्या तीन पत्रांत एक वाक्य शब्दशः सारखं होतं, आणि नोटिशीत अधिकाऱ्याने ते दाखवूनही दिलं. वाचताना कानाची पाळी गरम झाली होती माझी. त्याच नोटिशीत पुरावा कितपत पुरेसा मानायचा यासाठी ‘मॅटर ऑफ चवाठे’ या २०१० च्या निर्णयाचा हवाला होता. एवढ्या इंग्रजीत ओळखीचं वाटणारं तेवढं एकच नाव.

दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलली : मला न ओळखणारी माणसं शोधली. माझा एक निबंध कोण कोण वापरतं ते बघत बसले, तर जर्मनीतल्या एका टेस्ट लॅबच्या अहवालात तो सापडला. तिथल्या इंजिनिअरला मेल टाकली. पहिली मेल पाठवायला मला चार दिवस लागले, कारण ‘माझ्याबद्दल लिहाल का’ हे विचारणं आपल्या हाडात नाही. त्याचं पत्र दीड पानाचं आलं. त्यात ‘प्रतिभावान’ हा शब्द एकदाही नव्हता. आमच्या चाचणीत सेन्सर कुठे लावायचे ते आम्ही या निबंधातल्या तिसऱ्या आकृतीवरून बदललं, आधी काय चुकत होतं, नंतर काय सुधारलं, बस. त्याच्यासोबत तो अहवाल जोडला. मला विचाराल तर फाइल त्या पत्राने तारली.

तेव्हा तुमचं ‘प्रोफाइल’ कुणी बनवून देण्याआधी हे बघा की तुम्ही लिहिलेलं काहीतरी तुमच्या कंपनीबाहेर कुणी वापरतं का. ओपन सोर्स लायब्ररी असेल, पेटंटचं लायसन्स दिलं असेल, एखादी पद्धत दुसऱ्यांनी उचलली असेल. असेल तर तुमची केस आहे. नसेल तर कन्सल्टंट जे विकतो ते मला माहीत आहे : फी भरून मिळणारा पुरस्कार, फी भरून मिळणारं सदस्यत्व, एका हॅकेथॉनचं परीक्षकपद आणि कुणी न वाचणाऱ्या जर्नलमध्ये चार निबंध, तेही दुसऱ्याने लिहिलेले. हे सगळं एकाच वर्षातलं असतं. अधिकारी रोज असल्या फायली बघतो, त्याला तारखा वाचता येतात. नुसती फाइल नामंजूर झाली तर तुमच्या एच-१बी ला किंवा जुन्या आय-१४० ला धक्का लागत नाही. पण जाणूनबुजून खोटं दाखवल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो, आणि मंजूर झालेला अर्जही नंतर रद्द करता येतो. आय-१४० वर सही तुमची असते, कन्सल्टंटची नाही.

परीक्षणाबद्दल एक बारीक गोष्ट. जर्नलची ‘परीक्षण कराल का’ ही मेल पुरावा नाही, परीक्षण करून दिल्याची पोच हवी. मी सुरुवातीला फक्त आमंत्रणं जोडली होती.

खर्चाचं म्हणाल तर आय-१४० ची फी ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलर. प्रीमियमला, म्हणजे लवकर उत्तरासाठी भरायच्या जादा फीला, तीन हजारांच्या आसपास धरा, त्यात १५ कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं. ते उत्तर आरएफईही (आणखी पुरावे मागणारं पत्र) असू शकतं. फी बदलत असते, भरण्याच्या दिवशी बघून घ्या. वकिलाचे पैसे वेगळे.

राहिली पेपरातली बातमी. मराठी पेपर चालतो. पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि दोन्ही भाषा आपल्याला येतात, भाषांतर बिनचूक आहे, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. ते घरच्याकडून करून घेऊ नका. बातमी तुमच्या कामाविषयी हवी. सत्कार समारंभात दहा नावांत तुमचं नाव असेल तर उपयोग नाही. पेपर मोठा आहे हे खपाच्या आकड्यांनी दाखवावं लागतं. शिवाय नियमात मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव मागितलंय. माझ्या आत्याने लॅमिनेट करून जपलेल्या कात्रणावर तारीखच कापली गेली होती, आणि लेखकाच्या जागी होतं, ‘सांगली, प्रतिनिधी’.