उंच माणसाने सेकंड हँड गाडी घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी उंची १९१ सेंटिमीटर. बजेट बेताचं, त्यामुळे जुनीच गाडी घ्यायची आहे. हॅचबॅकमध्ये मावणार नाहीस, एसयूव्हीच घे, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. एसयूव्हीत सीट जमिनीपासून उंच असते आणि छतही तेवढंच वर गेलेलं असतं. सीट ते छत हे अंतर पुष्कळदा साध्या हॅचबॅकइतकंच भरतं आणि मागे उतरत्या छताच्या एसयूव्हीत त्याहून कमी. सपाट छताची, उभट काचेची छोटी हॅचबॅक उंच माणसाला अनेकदा जास्त मानवते.

गाडी बघायला जाण्याआधी स्वतःचं माप घ्या. कडक स्टुलावर भिंतीला पाठ टेकून ताठ बसा आणि बैठकीपासून टाळूपर्यंत मोजा. हे माप साधारणपणे एकूण उंचीच्या ५२ टक्के भरतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ९९ सेंटिमीटरच्या आसपास. पण सारख्याच उंचीच्या दोन माणसांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. धड लांब असेल तर तुमची अडचण छताशी आहे, पाय लांब असतील तर स्टीअरिंग आणि डॅशबोर्डशी. या दोघांना एकच गाडी सोयीची पडेल असं नाही, म्हणून ‘उंच लोकांसाठी उत्तम गाड्या’ अशा तयार याद्यांवर आमचा भरवसा नाही.

माहितीपत्रकातले आकडेही समजून वाचा. प्रचलित पद्धतीत हेडरूम मोजताना बसलेल्या पुतळ्याच्या खुब्यापासून ८ अंश मागे कललेली रेघ छताच्या अस्तरापर्यंत नेतात आणि त्यात १०२ मिलिमीटर मिळवतात. लेगरूम म्हणजे घोट्यापासून खुब्यापर्यंतचं अंतर, अधिक २५४ मिलिमीटर. गुडघा स्टीअरिंगखाली मोकळा राहतो का, हे यातल्या एकाही आकड्यात नसतं. दोन गाड्यांची तुलना करायला आकडे ठीक आहेत. तुम्ही मावता का, हे मात्र बसल्यावरच कळतं.

सनरूफ शक्यतो टाळा. काच सरकण्याची चौकट छत आणि अस्तर यांच्यामध्ये बसते आणि डोक्यावरची २ ते ५ सेंटिमीटर जागा खाते. तेच मॉडेल सनरूफशिवाय घेतलं तर स्वस्तही पडतं. मात्र अगदी तळाच्या व्हेरियंटकडे जाऊ नका. त्यात सीट खाली-वर होत नाही आणि स्टीअरिंग पुढे-मागे सरकत नाही, असं बरेचदा असतं. उंच माणसासाठी बहुतेक वेळा मधला व्हेरियंट बरा.

प्रश्न: विक्रेता पंधरा मिनिटंच देतो. तेवढ्यात काय काय बघू?

अर्धा-पाऊण तास मागून घ्या. मांडी आणि कंबर पहिल्या दहा मिनिटांत तक्रार करत नाहीत. रोज ज्या बुटांनी चालवता तेच घालून जा.

आधी सीट सगळ्यात खाली आणि सगळ्यात मागे न्या. मग क्लच (ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक) तळापर्यंत दाबा. दाबलेल्या अवस्थेत गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच सीट पुढे घ्या. पाठ जवळजवळ उभी ठेवा. डोकं छताला लागतं म्हणून उंच माणसं पाठ मागे पाडतात. मग खांदे सीटपासून सुटतात, हात ताणले जातात आणि तासाभरात मान आखडते. पाठ पाडल्याशिवाय बसताच येत नसेल तर ती गाडी तुमची नाही.

पाठ टेकलेली असताना हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टीअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच फुगते. लांब पायांच्या माणसाला स्टीअरिंग खाली-वर होण्यापेक्षा पुढे-मागे होणं जास्त गरजेचं असतं. स्टीअरिंगच्या दांड्याखालची कडी सोडून ते खरोखर सरकतं का आणि कडी लावल्यावर घट्ट बसतं का, दोन्ही बघा. डोकं आणि छत यांमध्ये आडवी धरलेली चार बोटं सहज जायला हवीत, नाहीतर खड्ड्यात टाळू आपटते. हेडरेस्टचं वरचं टोक निदान कानाच्या वरच्या कडेपर्यंत यावं, टाळूपर्यंत आलं तर उत्तम. अनेक जुन्या गाड्यांत ते तेवढं वर येतच नाही आणि मागून धडक बसली की मान जोरात मागे झटकली जाते.

आता गाडी जागीच ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाच-सहा वेळा न्या. मोठ्या बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या कडेला किंवा डॅशबोर्डच्या खालच्या पॅनलला अडकतं का? एकदा जरी अडकलं तरी दुसरी गाडी बघा. इंजिन चालू करून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि गुडघा मध्ये येतो का ते पाहा. नंतर समोर बघा. आतला आरसा थेट डोळ्यांसमोर येऊन एका बाजूचं वळण झाकत असेल, किंवा सिग्नल बघायला वाकावं लागत असेल, तर तो त्रास रोजचा आहे.

प्रश्न: आवडलेल्या गाडीत गुडघे थोडेच लागतात. सीट ज्यावर सरकते ती रेल मागे वाढवून घेतली तर चालेल का?

पट्ट्या वेल्ड करून किंवा खाली ठोकळे घालून अजिबात नको. सीटबेल्टचं बकल बहुतेक गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं. धडकेत तुमचा सगळा भार रेलच्या चार बोल्टवर येतो आणि वाढवलेला भाग तरफेचं काम करून त्यांना उपटतो. शिवाय सीट दाराच्या मधल्या खांबाच्या फार मागे गेली की पट्टा खांद्यावर नीट बसत नाही.

डोक्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर हवे असतील तर चांगला कारागीर गादीचा फोम कमी करून देतो. आधी खात्री करा की गादीत हीटरची जाळी किंवा प्रवासी ओळखणारा सेन्सर नाही. पाठीच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथली शिवण उसवू देऊ नका, एअरबॅग त्याच शिवणीतून बाहेर येते. जाड सीटकव्हर काढून टाकलं तरी कधीकधी एखादा सेंटिमीटर मिळतो.

प्रश्न: घरी आठ महिन्यांचं बाळ आहे. मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट माझ्या सीटमागे मावेल?

बहुधा नाही. ती पुढच्या प्रवाशाच्या सीटमागे लावा आणि गाडी बघायला जाताना सोबत न्या. ती लावल्यावर पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत नाहीत ना, तेही बघा. उंच बाप आरामात आणि आई मुटकुळं करून, असा सौदा करू नका.

प्रश्न: दोन गाड्यांत मी नीट बसतो. एक ५ वर्षांची डिझेल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. दुसरी ९ वर्षांची साधी पेट्रोल, मॅन्युअल. रोजचा प्रवास शहरातला, ८ किलोमीटरचा. कुठली घेऊ?

दुसरी, ती तपासणीत टिकली तर. नव्या डिझेलमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला सायलेन्सरची लाइन बराच वेळ तापलेली राहावी लागते. आठ किलोमीटरमध्ये ते होत नाही. साफसफाई अर्धवट राहते, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या कांडीवर, पातळी वाढलेली दिसते. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; त्यातल्या कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचला रांगत चालणारी वाहतूक सोसत नाही. तो तापतो, झिजतो, गाडी निघताना थरथरते आणि त्याची दुरुस्ती स्वस्त गाडीच्या हिशोबात बसत नाही.

नऊ वर्षांच्या गाडीत पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रबरी पट्ट्याचा. रबर किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारं होतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) व वॉटर पंपासकट नवा घालण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्टऐवजी चेन असेल तर थंड इंजिन सुरू करताना कान द्या. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड झाली तर चेन सैल आहे. म्हणूनच पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे.

क्लच बघायला चौथ्या गिअरमध्ये हळू जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच प्लेट संपली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक पॅनलवर लावा. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन भरतो. ३०० च्या पुढे गेला तर पुन्हा रंगकाम झालंय, आणि त्याच्या कितीतरी पट आला तर खाली पुट्टी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. टायरवरचे शेवटचे चार अंक तारीख सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम पहिल्या कामांसाठी बाजूला ठेवूनच भाव ठरवा.

प्रश्न: गाडी पसंत आहे, पण एअरबॅगचा दिवा चालू राहतो. ‘सीटखालची वायर सैल आहे, किरकोळ काम’ असं विक्रेता म्हणतो.

असूही शकतं. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो. सीट वारंवार शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली की तिथली वायर ताणली जाते, म्हणून उंच चालकांच्या गाड्यांत हा दोष ओळखीचा आहे. पण धडकेत एअरबॅग उघडून गेली आणि नवी बसवलीच नाही, तरी हाच दिवा पेटतो. पैसे देण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावून दोषाचा नेमका कोड वाचून घ्या आणि काम विक्रेत्यालाच करून द्यायला सांगा. पिवळ्या कनेक्टरला स्वतः हात लावू नका. मेकॅनिकनेही आधी बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबलं पाहिजे.

दुरुस्तीनंतर चावी फिरवली की दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढला आहे किंवा वायरिंगमध्ये फसवाफसवी केली आहे. स्कॅनरमध्ये प्रदूषणासंबंधीच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असू शकते. अशा वेळी तीन-चार दिवस वापरात ठेवायला सांगून पुन्हा तपासा. विक्रेता त्याला तयार नसेल तर ती गाडी सोडा.