मिस होतंय? सय येतेय म्हणा की!

साताऱ्यातल्या एका ताईंनी विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत उदयपूरला जाऊन आलो, आता पोवई नाक्यावर उभं राहिलं तरी डोळ्यापुढं पिछोला तलाव नि गणगौर घाटच येतो, तर 'उदयपूर मिस होतंय' हे बरोबर का, आणि नॉस्टॅल्जियाला मराठीत काय म्हणायचं.

अहो ताई, बस मिस होते, कॅच मिस होतो. शहर कुठं मिस होतंय, ते आहे तिथंच आहे! हे 'मिस होतंय' ऐकून ऐकून कान किटलेत. आणि नॉस्टॅल्जिया हा शब्द योहानेस होफरनं १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडवला, ग्रीक नोस्तोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. घरच्या ओढीनं आजारी पडणाऱ्यांसाठी होता तो, तुम्ही तर घरी पोचून आजारी पडलाय.

काही विद्वान लगेच 'स्मरणरंजन' पुढं करतात. त्यात रंजन आहे हो, पण जीव तुटतो त्याचं काय? शब्द घडवताना अर्धं दुखणं गाळलं आणि वर आम्हालाच शुद्ध मराठी शिकवतात.

'करमंना झालंय' चालेल, आपल्याकडं सगळ्यांना कळतं. पण खरा शब्द सय. जात्यावर बसलेल्या बाईला माहेरची यायची ती सय. संस्कृत स्मृति, प्राकृतात सइ, मराठीत सय. ऋ चा अ झाला, जसं तृणाचं तण, मृत्तिकेची माती, आणि मधला त गळला, जसं जाती नावाच्या फुलाची जाई झाली. ही सय म्हणजे सवयीची धाकटी बहीण असं छातीठोक सांगणारे एक गृहस्थ मला भेटलेत, त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

आता खरी गंमत. याच स्मृतीचं पालीत झालं सति. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन लोक जी सति, म्हणजे आत्ताच्या क्षणाचं भान, शिकतात, शहरात पैसे भरून माइंडफुलनेस म्हणून जी विकत घेतात, ती आणि आपल्या आज्जीची सय एकाच आईच्या लेकी! एक म्हणते आत्ता इथं आहेस तिथंच रहा, दुसरी उचलते आणि थेट पिछोल्याच्या काठावर नेऊन सोडते. माझं तर म्हणणं आहे की जुना अर्थ सयीनंच जपलाय, कारण स्मृ हा संस्कृत धातू म्हणजे मुळात आठवणंच, भान वगैरे नंतरचं. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर घाला, फक्त धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासकट यादी, उघडून या.

अजून एक, आठवण काढता येते, सय काढता येत नाही, ती आपली आपण येते. म्हणून 'मी सय करतोय' असलं काही लिहू नका.

हां, तुमचं उदयपूर राहिलंच. 'उदयपूरची सय येतेय' असं लिहा, आणि घरातल्या पोरांना कळलं नाही तर करमंना आहेच.