मैत्रिणीला चाललं, तुम्हाला चालेलच असं नाही

प्रश्न : वय २३. पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी. पीसीओएस (हॉर्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे. माझी मैत्रीण 'सेफ पिरियड' पाळते, म्हणजे दिवस मोजून गर्भ राहणार नाही अशाच दिवसांत संबंध ठेवते, तिला आजवर काही झालेलं नाही. मीही पाळू का?

उत्तर : नको. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. तुमची पुढची पाळी कधी येणार हेच ठरलेलं नाही, तर मागचा हिशेब लावणार कसा? शिवाय शुक्रजंतू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकतात. मैत्रिणीची पाळी अगदी नियमित असली तरी मी तिलाही या पद्धतीवर विसंबू देणार नाही. दिवस मोजून लैंगिक संसर्गही टळत नाही, त्यासाठी कंडोमच लागतो.

पीसीओएसमध्ये गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी वेळेवर यायलाही मदत होते. मात्र गोळ्या घेणाऱ्या एखाद्या मैत्रिणीचं पाकीट बघून तेच आणून सुरू करू नका. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असलेली गोळी धोक्याची ठरते. अर्धशिशीबद्दल मी तपासताना मुद्दाम खोदून विचारते. 'कधीकधी डोकं दुखतं' एवढं सांगून मुली थांबतात. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात का, हे विचारल्यावर कळतं. चमकत असतील तर ही गोळी नाही. तुमच्यासाठी दुसरा उपाय शोधू.

प्रश्न : वय २६. टीबीची औषधं चालू आहेत. आठवड्यापूर्वी कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी ७२ तासांत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली. आता काळजी नाही ना?

उत्तर : काळजी घ्यायला हवी. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन गोळीतला हॉर्मोन शरीरात टिकू देत नाही. फिटच्या काही औषधांचंही तसंच. वजन जास्त असलं तरी ही गोळी कमी पडू शकते. अशा वेळी ५ दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं सगळ्यांत खात्रीचं. ती मुदत तुमच्या बाबतीत टळली आहे, म्हणून संबंधानंतर ३ आठवड्यांनी लघवीची तपासणी करा, पाळी आली तरी करा. दिवस गेलेच असतील तर लगेच डॉक्टरांना गाठा आणि टीबीची औषधं सांगा. गर्भ नको असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. १८ वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही.

आणखी एक. सोबत खोबरेल तेल वापरलं होतं का? तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो. पाण्याचं जेल वापरा.

प्रश्न : वय २४. संबंध आलेले आहेत. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची) लस आता फुकट जाईल का?

उत्तर : नाही जाणार, घ्या. एका प्रकारच्या विषाणूची लागण झालेली असली तरी बाकीच्यांपासून संरक्षण मिळतं. तुमच्या वयाला ६ महिन्यांत ३ डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नका.

प्रश्न : वय २१. तो कंडोमला नाही म्हणतो आणि मला त्या वेळी बोलताच येत नाही. माझ्या रूममेटला हे सहज जमतं. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : काहीही कमी नाही. कुणी पटकन बोलतं, कुणाला शब्द सुचायला वेळ लागतो. त्या क्षणी बोलणं जमत नसेल तर ते आधीच उरकून घ्या. दुपारी, फोनवर किंवा मेसेजवर लिहा : 'कंडोम नसेल तर मी येणार नाही.' लिहिलेलं वाक्य बदलायला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि त्याचं उत्तर वाचून जायचं की नाही हे तुम्हाला घरी बसूनच ठरवता येतं. पर्समध्ये स्वतःचं कंडोमचं पाकीट ठेवा, त्यावरची तारीख बघून. हे सांगितल्यावर तो रुसला, तर रुसू दे.

पण तो जबरदस्ती करत असेल किंवा मध्येच कंडोम काढत असेल, तर हा तुमच्या लाजाळूपणाचा प्रश्नच राहत नाही. तो अत्याचार आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. असं घडलं तर लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. रूममेटला सोबत न्या.