जुन्या सर्व्हरचा आयपी नव्या सर्व्हरला जोडीला देता येतो का?

हो, एका सर्व्हरला दोन आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे दोन पत्ते, देता येतात. दुसरं लॅन कार्डही (नेटवर्कची वायर जोडायचं) लागत नाही. तुमचा जुना सर्व्हर बंद करायचाय, पण दहा-बारा कॉम्प्युटरांत त्याचाच पत्ता भरलेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या जिनिंगमध्ये (यवतमाळ जिल्हा) हीच गत होती. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२.१६८.१.१० हा पत्ता कायमचा ठोकलेला आणि ते बनवणारा पोरगा फोन उचलत नव्हता. शेवटी नव्या सर्व्हरलाच (१९२.१६८.१.२०) जोडीला १० हाही पत्ता दिला. काट्याला बदल कळलाही नाही!

माणसाला घरी एक नाव, शाळेत दुसरं. हाक कोणत्याही नावानं मारा, ‘ओ’ देणारा एकच. कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख-नंबर) एकच राहतो, त्यावर आयपी कितीही.

विंडोजमध्ये आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं ॲड. पहिला पत्ता मात्र हातानं भरलेला हवा. उबंटूत (लिनक्स) नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये पत्त्यांच्या यादीत एक ओळ वाढवा. नुसती कमांड देऊन घातलेला पत्ता रीस्टार्टला उडतो, आणि आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) एकच ठेवा, दुसऱ्या पत्त्याला वेगळा देऊ नका.

आता मी खाल्लेली ठेच. नोव्हेंबरात कापसाच्या गाड्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि काटा मधेच चाले, मधेच बंद. वायर बदलली, पंख्यात अडकलेली रुई काढली, काही फरक नाही. वैतागून सर्व्हरची लॅन वायरच उपटली आणि काट्याच्या कॉम्प्युटरवरून १० ला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) मारलं. उत्तर येतंय! सकाळी लाइट गेली तेव्हा सर्व्हर बंद पडला, राउटर इन्व्हर्टरवर चालूच होता. त्यानं १० रिकामा समजून मुनीमजींच्या मोबाइलला देऊन टाकला. एका हाकेला दोघं ओ देत होते. मग राउटरच्या डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटायच्या सोयीची) रेंज १०० पासून पुढं केली. तुम्ही हे आधीच करा. आणि जुनं मशीन नेटवर्कवरून काढल्याशिवाय त्याचा पत्ता नव्याला देऊ नका.

एकाच पोर्टवर (प्रोग्रॅमच्या दाराचा नंबर) दोन प्रोग्रॅम चालवायचे असतील, तर प्रत्येकाला त्याच्या सेटिंगमध्ये आपापला आयपी नेमून द्या. एकानं ०.०.०.० धरलं की तो सगळेच पत्ते अडवून बसतो, दुसरा सहसा सुरूच होत नाही. सर्व्हरनं स्वतःहून बाहेर केलेलं कनेक्शन उबंटूत सहसा पहिल्याच पत्त्यावरून जातं, विंडोजमध्ये तसं असेलच असं नाही, म्हणून फायरवॉलमध्ये (कोणतं कनेक्शन सोडायचं, कोणतं अडवायचं ते ठरवणारी सोय) नियम लिहिताना कोणता पत्ता जातोय ते बघून तो धरा. दोन पत्त्यांनी स्पीड मात्र वाढत नाही, वायर तीच आहे.

नुसत्या दोन-तीन वेबसाइट ठेवायच्या असतील तर हा खटाटोप करू नका. ब्राउझर साइटचं नाव सांगतो, त्यावरून सर्व्हर वेगळं पान देतो. एक आयपी पुरतो.