मोवर घेताय? आधी टायरची रुंदी मोजा

भाऊ, ट्रॅक्टरला जोडायचा मोवर घेताना आधी काय कापायचंय ते ठरवा. बांधावरचं आणि लिंबूच्या ओळींतलं गवत असेल, तर रोटरी स्लॅशर पुरतो. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) भुगा करायचा तर मल्चरच घ्या. स्लॅशर पऱ्हाटी नुसती तोडतो. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तशीच राहते. अंगणातल्या हिरवळीला यातलं काहीच नको, तिथं लहान लॉन मोवर बरा.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांचं बाहेरून बाहेर माप घ्या. मोवर त्यापेक्षा अरुंद असेल तर चाकाखाली दबलेलं गवत न कापता तसंच राहतं. ५ फुटी स्लॅशरला साधारण ३५ ते ४५ एचपी, मिनी ट्रॅक्टरला ३ ते ४ फुटी. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, मोवर फिरवणारा शाफ्ट) ५४० आरपीएमवरच, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवा. वेग कमी पडला की पातं गवत कापत नाही, फाडतं.

रावेर-यावलकडच्या केळीत खरा घात ठिबकच्या नळ्या करतात. नळी पात्याच्या शाफ्टला गुंडाळली की ऑइल सील फाटतं, गिअर बॉक्सचं तेल हळूहळू गळतं आणि बेअरिंग जळेपर्यंत कळत नाही. नळ्या आधी खोडाजवळ सरकवा, कापणी ३-४ इंच उंच ठेवा.

शिअर बोल्ट (जोर आला की आधी तुटून गिअर वाचवणारा बोल्ट) तुटला तर त्याच ग्रेडचा टाका. कडक बोल्ट टाकलात तर दगड लागल्यावर बोल्टऐवजी गिअर तुटेल. पाती जोडीनंच बदला, नाहीतर थरथर सुटते. खाली हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, मोवरखाली लाकडी ठोकळे.