के-एनने सुरू होणारे इंग्रजी शब्द कोणते? त्यातला ‘के’ का बोलत नाहीत?

मुलगी सातवीत आहे, हे शब्द पाठ करते आणि पेपरात ‘के’ विसरते, असं तुम्ही लिहिलंय. मी खानदेशात, चोपडा गावात शिकवणी घेते, आमच्याकडची पोरंही इथेच अडतात.

शब्दाच्या सुरुवातीला के-एन आलं की के मुका. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणं, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नॉट म्हणजे गाठ. नाइफ सुरी, निट विणणं, नॉक दार ठोठावणं, नो जाणणं, नॅक हातोटी.

नीड म्हणजे कणीक मळणं. हा शब्द मी मांडे, म्हणजे आपल्या खानदेशी मोठ्या पुरणपोळ्या, यांवरून शिकवते. आपल्याकडे मांड्यांची कणीक पाण्याचा हात लावत इतकी मळतात, की पुरण भरून हातावर फिरवत मोठी केली तरी फाटत नाही, आणि मग पालथ्या खापरावर जाते. आईला असं मळताना पाहिलेलं पोर गरजेच्या नीडशी सहसा गल्लत करत नाही.

आता के कुठे गेला? तो पूर्वी बोलला जायचा. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना सुरू केला, तेव्हा लोक ‘क्नाइफ’सारखं काहीतरी म्हणत होते. स्पेलिंग छापून रुळलं आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत तोंडातला के गळून पडला. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो. आपलं नातंही याच्याशी आहे. संस्कृत जानु, म्हणजे आजानुबाहूतला, आणि हा नी एकाच मुळाचे. तसेच ज्ञान, जाण आणि नो हे तिघं आपसात एका मुळाचे. मुलीला हे जरूर सांगा, तिला मजा वाटेल.

के असलेल्या नाइट या शब्दाचा प्रवास मला सगळ्यात आवडतो. जुन्या इंग्रजीत अर्थ होता पोरगा, नोकर. मग राजाच्या पदरचा घोडेस्वार योद्धा, आणि शेवटी ‘सर’ हा किताब. रवींद्रनाथ टागोरांना 1915 मध्ये मिळालेला आणि जालियनवाला बागेनंतर 1919 मध्ये त्यांनी परत केलेला किताब तो हाच.

एक सावधगिरी. हा नियम मूळ शब्दाच्या सुरुवातीपुरताच. वीकनेस, डार्कनेस यांत के आणि एन शेजारी असले तरी के ‘वीक’चा, ‘डार्क’चा आहे, म्हणून तो बोलायचाच. पोरं नवा नियम शिकली की इथेही तो लावून मोकळी होतात.

घरी डिक्टेशन देताना सुटा शब्द देऊ नका. नुसतं ‘नो’ म्हटलं तर ‘नाही’ की ‘जाणणं’, हे तिला कसं कळणार? ‘आय नो हिम’ असं अख्खं वाक्य द्या. नाइट, नॉट, न्यू, नीड यांचंही तसंच करा, कारण या प्रत्येकाला के नसलेला, त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे.