जुन्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टीअरिंगची गळती: सील बदलूनही का थांबत नाही?

तुमचा प्रश्न असा: स्टीअरिंग सिलेंडरचं सील दोनदा बदललं, तरी गळती परत सुरू झाली. आता स्टीअरिंगच्या खांबावरूनही पायाजवळ थेंब पडतात. तर सीलांचं पूर्ण किट टाकावं की पंपच बदलावा?

अजून तरी दोन्ही नको. दोनदा बदललेलं सील दोनदा गेलं, म्हणजे सील खाणारं काहीतरी तिथेच बसलंय. आधी ते शोधा.

सगळा भाग डिझेल आणि ब्रशने धुवा, फडक्याने कोरडा करा, हवा मारा. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन हळू चालवून दुसऱ्याला स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. पावडर जिथे सगळ्यात आधी ओली होईल, गळती तिथे. ऑईल पाईपवरून ओघळत खालच्या नटापाशी जमतं आणि बिचाऱ्या नटावर आळ येतो. एक मात्र पाळा: चालू इंजिनवर पाईपवर हात फिरवून गळती शोधू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं ऑईल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

आता सिलेंडर. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन खाली टेकू द्या, मागच्या चाकांना अडण लावा. इंजिन बंद करून स्टीअरिंग दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. पाईपांवर खुणा करा आणि उघडी तोंडं लगेच बुचांनी बंद करा. रॉड बाहेर काढून पुसा आणि त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर दोष रॉडचा आहे, सीलचा नाही. बारीक ओरखडा असेल तर 600 चा पॉलिश पेपर ऑईलमध्ये भिजवून रॉडभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघांतून ऑईलला सरळ वाट मिळते. क्रोम सुटून खड्डे पडले असतील तर पॉलिश फुकट आहे, रॉड नव्याने क्रोम करून घ्या किंवा बदला. रॉड सपाट काचेवर लोळवून वाक पाहा. मग रॉड बुशमध्ये, म्हणजे तो ज्या कड्यातून सरकतो त्यात, घालून हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर रॉड रोज एका बाजूला दाबला जातो आणि सील त्याच बाजूने झिजतं. सिलेंडरच्या टोकांचे बॉल जॉईंट जाम झाले तरी हेच होतं, आणि तिकडे कुणी बघत नाही.

किट बसवताना दिशा चुकते, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. यू-आकाराच्या सीलचं उघडं तोंड ऑईलच्या, म्हणजे दाबाच्या बाजूला हवं. बाहेरच्या धूळ-सीलची ओठासारखी कड बाहेर हवी. ओरिंगसोबत पांढरी बॅकअप रिंग असेल तर ती दाबाच्या उलट बाजूला. जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उकरू नका, खाचेवर चरा पडला की नवं सीलही त्या चऱ्यातून पाझरतं. लाकडी किंवा प्लास्टिकची काडी वापरा. नवं सील स्वच्छ ऑईलमध्ये बुडवून बसवा आणि ते रॉडच्या आट्यांवरून सरकवायचं असेल तर आट्यांवर टेप गुंडाळा, नंतर काढा.

खांबावरून येणारे थेंब ऑर्बिट्रोलच्या, म्हणजे खांबाच्या खाली बसलेल्या आणि स्टीअरिंग फिरेल तसं सिलेंडरला ऑईल देणाऱ्या युनिटच्या, वरच्या शाफ्ट सीलमधून येतात. हे सील पंपाच्या पूर्ण दाबासाठी नसतं. त्यावर फक्त रिटर्नचा, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या ऑईलचा दाब असतो. म्हणून ते गेलं की मी आधी रिटर्न बघतो: फिल्टर तुंबलाय का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीने बंद आहे का, रिटर्न पाईप कुठे दबलाय का. जुन्या रबरी पाईपचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं, बाहेरून पाईप धडधाकट दिसतो. पाईप दोन्हीकडून सोडून हवा मारली की कळतं. अडथळा न काढता सील बदललं तर ते पुन्हा जाणार.

बहुतेक ऑर्बिट्रोलमध्ये हे सील बदलायला स्पूल, म्हणजे ऑईलची वाट बदलणारा आतला दांडा, काढावा लागतो. खालचं झाकण उघडण्याआधी रोटर आणि आतल्या ड्राईव्ह शाफ्टच्या दात्यांवर खूण करा. एक दाता जरी चुकला तरी इंजिन सुरू होताच स्टीअरिंग आपोआप गरगरा फिरू शकतं, आणि हाताला जबर मार बसतो. याची सवय नसेल तर युनिट काढून जाणकाराकडे द्या.

फिटिंगवर टेफ्लॉन टेप नको. तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात. बँजो बोल्टला (ज्या पोकळ बोल्टातून ऑईल जातं त्याला) दरवेळी नवे तांब्याचे वॉशर, किंवा जुने लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या. दाबाचा पाईप बदलताना मूळ दाब-क्षमतेचाच घ्या. 3/8 इंची एकपदरी तारेचा पाईप साधारण 180 बारचा, दुपदरी 330 बारचा असतो. पाईपला पीळ बसू देऊ नका आणि दोन्ही टोकांपर्यंत चाकं वळवून तो कुठे घासत नाही ना ते बघा.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. ब्रेक ऑईल चुकूनही नको, त्याने सीलं फुगून खराब होतात. गळती थांबवणारं औषध रबर फुगवून काही दिवस ढकलतं, इतकंच.

सगळं जोडल्यावर पुढची चाकं उचललेलीच ठेवा, इंजिन हळू चालवा आणि स्टीअरिंग आठ-दहा वेळा सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टोकाला धरून ठेवू नका, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑईल तापतं. मध्येमध्ये टाकी भरा. टाकीतला फेस बसला नाही आणि पंप कुंथत राहिला तर सक्शन पाईपच्या (टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या) क्लॅम्पमधून किंवा पंपाच्या शाफ्ट सीलमधून हवा ओढली जातेय.

पंपाचा विचार केव्हा करायचा? बाहेर थेंबही नाही पण टाकी उतरतेय, आणि पंप टायमिंग गिअरवर बसलेला आहे, अशा वेळी इंजिनची डिपस्टिक काढा. इंजिन ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर पंपाचं शाफ्ट सील गेलंय. ते बदला, इंजिन ऑईलही बदला आणि मगच ट्रॅक्टर कामाला लावा.